१५ वर्षं भरत आलेली गाडी: स्क्रॅप, एक्स्चेंज की री-पासिंग?

जास्वंद

नमस्कार मंडळी. वॅगनआर, पेट्रोल, पुणे पासिंग, नोंदणी ११ जून २०११. म्हणजे येत्या जूनमध्ये १५ वर्षं पूर्ण होतील. आरसी वडिलांच्या नावावर आहे, वडील हयात आहेत. इंजिन ठीक आहे, पण खालून गंज धरलाय आणि एसी बंद आहे. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन ८७० किलो लिहिलंय. नवी गाडी घ्यायची आहे, पेट्रोलच, एक्स-शोरूम साधारण ८ लाख.

शोरूमवाले जुन्या गाडीचे ४०,००० आणि वर एक्स्चेंज बोनस १५,००० म्हणतायत. त्यांच्याच सेल्समनने दुसरीकडे सांगितलं की सरकारी सेंटरमध्ये स्क्रॅप केली तर "२५ टक्के माफ". नेटवर कुठे २५, कुठे १५, कुठे १० टक्के दिसतं. नक्की किती आणि कशाचे टक्के? दोन अडचणी आहेत. कर्ज २०१४ मध्येच फिटलं, पण आरसीवर अजून बँकेचं नाव आहे. आणि दोन ई-चलानं भरायची राहिलीत. जून उलटला तर काही बिघडतं का? की सरळ री-पासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) करून अजून पाच वर्षं वापरावी?

हिशेबनीस

आधी टक्क्यांचा घोळ मिटवू.

२५ हा आकडा केंद्राचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५१-ए हा नियम आला: जुनी गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात जमा केल्याचा दाखला दिला तर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सूट. सगळी गोम "पर्यंत" या शब्दात आहे. मोटार वाहन कर राज्याच्या तिजोरीत जातो, त्यामुळे किती सोडायचा हे राज्य ठरवतं. महाराष्ट्रात आधी १० टक्के होते, २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने १५ केले. म्हणून तुम्हाला तिन्ही आकडे दिसतायत, आणि तिन्ही आपापल्या जागी खरे आहेत.

आता कशाचे टक्के. गाडीच्या किमतीचे नव्हेत, वन टाइम टॅक्सचे, म्हणजे नोंदणीच्या वेळी एकदाच भरायच्या मोटार वाहन कराचे. आपल्याकडे वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल कारला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ आणि त्यावर १३ टक्के कर आहे. डिझेलला हेच १३, १४, १५. सीएनजीचे दर १ जुलै २०२५ पासून एकेका टक्क्याने वाढून ८, ९, १० झाले. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर सरसकट २० टक्के.

तुमची ८ लाखांची पेट्रोल:

वन टाइम टॅक्स ११ टक्के = ८८,०००
त्यावर १५ टक्के सूट = १३,२००
नव्या नोंदणीचं शुल्क माफ = ६००

सरकारकडून मिळणारं एवढंच, १३,८००. बाकी पैसे भंगाराचे. किलोचा दर सरकार ठरवत नाही, तो तुमच्यात आणि सेंटरमध्ये ठरतो. किलोला २५ रुपये धरले तर ८७० किलोचे २१,७५०. एकूण ३५,५५०.

यात कंपनीची सूट वेगळी. ऑगस्ट २०२४ मध्ये बहुतेक कार कंपन्यांनी केंद्राला कबूल केलं होतं की गेल्या सहा महिन्यांत गाडी स्क्रॅप करणाऱ्याला एक्स-शोरूमच्या दीड टक्का किंवा २०,००० यांतलं जे कमी असेल ते देऊ. ती घोषणा कारसाठी एका वर्षाची होती. त्यामुळे आज तुमच्या मॉडेलवर ती चालू आहे का, हे शोरूमकडून कोटेशनवर लिहून घ्या, तोंडी "हो हो, बसवू" चालत नाही. मिळाली तर तुम्हाला १२,००० आणि बेरीज ४७,५५०. पण एक अट आहे: स्क्रॅपची सूट घेतली की एक्स्चेंज बोनस नाही. दोन्हींतलं एकच.

समोर शोरूमचे ४०,००० अधिक १५,०००, म्हणजे ५५,००० आहेत. म्हणजे कंपनीची सूट धरूनही बरोबरी व्हायला भंगाराला किलोमागे साडेतेहतीस रुपये मिळायला हवेत. कंपनीने हात वर केले तर किलोला ४७ च्या वर, ते विसरा.

तेव्हा ८ लाखांच्या पेट्रोलसाठी एक्स्चेंज सरस. पण हीच वॅगनआर देऊन कोणी १४ लाखांची डिझेल घेत असेल तर चित्र उलटं होतं. कर १४ टक्क्यांनी १,९६,०००, सूट २९,४००, कंपनीचे २०,०००, नोंदणीचे ६०० आणि भंगाराचे २१,७५०, मिळून ७१,७५०. जुनी गाडी तीच, दोन्हीकडे. सवलत किती हे जुन्या गाडीच्या हालावर ठरत नाही, नवी किती महाग घेताय यावर ठरतं. हे धोरण गरिबाची खटारा रस्त्यावरून हटवण्यासाठी आहे असं म्हणतात, त्यांनी ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघावीत.

आणि हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल कारचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, सेसही गेला. एक्स-शोरूम खाली आली, म्हणून तिच्यावरचा वन टाइम टॅक्सही खाली आला आणि पाठोपाठ ही सूटही आक्रसली. जुने लेख वाचून आकडेमोड करू नका.

नट-बोल्ट

हिशेबनीसांनी पैशांचं सांगितलं, मी तारखेचं आणि कागदांचं सांगतो. बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

जून उलटला तर बिघडतं. महाराष्ट्राची १५ टक्के सूट हवी असेल तर खासगी गाडी नोंदणीपासून १५ वर्षांच्या आत मोडीत काढलेली असावी लागते, व्यावसायिक असेल तर ८ वर्षांच्या आत. तुमच्यासाठी शेवटची तारीख १० जून धरा. सेंटरमध्ये गाडी नेऊन उभी केल्याची तारीख कामाची नाही, सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिटवरची तारीख बघतात. हे सर्टिफिकेट, म्हणजे सीओडी, सेंटर सगळी तपासणी झाल्यावर ऑनलाइन काढतं.

म्हणून जूनपासून मागे मोजत या.

पहिलं, बोजा. आरसीवर बँकेचं नाव असेल तर सेंटरची सिस्टीम अर्जच पुढे सरकू देत नाही. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलंय की काल, हे सॉफ्टवेअरला कळत नाही. बँकेकडून नवीन एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ दोन प्रतींत घ्या. जुनं एनओसी कपाटात सापडलं तरी उपयोगाचं नाही, ते साधारण ९० दिवसच चालतं. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर नव्या बँकेच्या शाखेत जुना लोन नंबर शोधण्यातच आठवडे जातात, हे आत्ताच करा.

बोजा उतरवायला आरटीओत गेलात की दुसरी गाठ: हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला ती नसेल तर आरटीओ बोजा उतरवणं, नावबदल, पत्ताबदल ही कामं अडवून ठेवतं. कारला ७४५ अधिक जीएसटी, ८७९ रुपये. दोन महिन्यांत चुरा होणाऱ्या गाडीला नव्या कोऱ्या पाट्या लावायच्या, हसू येतं, पण इलाज नाही. प्लेटच्या तारखा लांबच्या मिळतात, म्हणून बुकिंग आज करा.

दुसरं, मोबाइल नंबर आणि स्पेलिंग. २०११ च्या आरसीला बहुधा मोबाइल जोडलेलाच नसतो किंवा बंद पडलेला असतो. ओटीपी त्याच नंबरवर येतो. आधी परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर नंबर अद्ययावत करा. वडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक आणि आरसीवर दुसरं असेल तर ऑनलाइन पडताळणी फसते, मग प्रत्यक्ष खिडकीवर जावं लागतं.

तिसरं, चलानं. महाट्रॅफिक ई-चलानच्या साइटवर गाडी नंबर आणि चॅसिसचे शेवटचे चार आकडे टाकून बघा. तुम्हाला माहीत असलेली दोन निघतील, न माहीत असलेली आणखी निघू शकतात. भरल्यावर वाहन पोर्टलवर दिसायला थोडे दिवस लागतात, पावती जपून ठेवा. दंड मोठा साचला असेल तर लोकअदालतीची तारीख बघता येते, पण तुमच्याकडे जूनची टांगती तलवार आहे. दोन चलानं असतील तर भरून मोकळ्या व्हा.

इतकं झालं की व्हीस्क्रॅप या स्क्रॅपिंगच्या सरकारी पोर्टलवर अर्ज. तिथे नोंदणीकृत सेंटरांची यादी आहे. किमान तिघांकडून भाव घ्या आणि प्रत्येकाला हेच चार प्रश्न विचारा:

वजन आरसीवरचं धरणार की तुमच्या काट्यावरचं? (गंजलेली, सीट काढलेली गाडी काट्यावर हलकी भरते.)
बॅटरी, टायर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे असं धरून भाव आहे का, आणि यातलं काही नसेल तर किती कापणार?
टोइंग कोणाचं?
पैसे कधी आणि कोणत्या खात्यात? (आरसीवरच्या मालकाच्याच खात्यात येतात, रद्द केलेला चेक लागतो.)

कन्व्हर्टरचा प्रश्न मुद्दाम घातलाय. सायलेन्सरच्या पुढच्या अंगाला असलेल्या त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, किलोच्या भावात सगळ्यात महाग तोच. कधीतरी "सायलेन्सर जाम झालाय" म्हणून बाहेर बदलून घेतला असेल तर मूळ डबा गेलेला असतो, नुसता पाइप उरतो. गाडी द्यायच्या आधी खाली वाकून बघा.

नंतर सेंटरवाला चॅसिस नंबर ताडून बघतो. वॅगनआरला गंज आहे म्हणालात, म्हणून सांगतो: तो नंबर पत्र्यावर ठोकलेला असतो, बहुधा इंजिनमागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटखाली. तारेच्या ब्रशने जोरात घासू नका, आकडे बुजतात. कापडावर थोडं रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० घेऊन पुसा, वर कागद धरून पेन्सिल आडवी फिरवा. सगळे आकडे कागदावर उठले तर काळजी नाही. एखादा ३ की ८ कळेना झाला तर आत्ताच आरटीओकडून पडताळून घ्या. मे महिन्यात टोइंगच्या ट्रकवर गाडी चढवल्यावर कळलं तर तारीख हातची जाईल. इंजिन कधी बदललं असेल आणि आरसीवर नोंद नसेल तर तीही भानगड आधी निस्तरा.

भोचक

एवढं सगळं करून ३५ हजार? भंगार बाजारात आरसी न बघता रोख ३० देतात, गाडीही घरून उचलतात. ८७९ ची प्लेट नको, एनओसी नको, पोर्टल नको. उगाच सरकारी झंझट कशाला?

नट-बोल्ट

@भोचक, झंझट संपत नाही, मालकाच्या गळ्यात राहते. बाहेर गाडी कापली तरी वाहन पोर्टलवर आरसी जिवंतच. कापली तर नशीब, नाही कापली आणि कोणी ती नंबर प्लेट दुसऱ्या गाडीला लावून फिरवली तर चलानं वडिलांच्या नावावर, अपघात झाला तर पोलीसही वडिलांच्याच दारात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली की मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ते कळवायला पुरावा लागतो आणि भंगारवाला तो देत नाही. सेंटरमध्ये दोन कागद मिळतात: गाडी घेतली म्हणून सीओडी आणि नंतर प्रत्यक्ष मोडल्याचं सर्टिफिकेट ऑफ व्हेइकल स्क्रॅपिंग. दुसरं आल्यावर एमपरिवहन अॅपवर गाडी नंबर टाकून आरसी रद्द दिसते का ते बघा. तोवर काम झालं असं समजू नका.

शिवाय १ एप्रिल २०२५ पासून पर्यावरण खात्याचे एंड-ऑफ-लाइफ व्हेइकल नियम लागू आहेत. नोंदणी संपून गाडी त्या व्याख्येत बसली की १८० दिवसांत ती नोंदणीकृत सेंटरला द्यायची जबाबदारी मालकाची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या निम्म्या गाड्या यात येतात.

गिअरबॉक्स

तिसऱ्या पर्यायाबद्दल कोणी बोललं नाही. बऱ्याच जणांना वाटतं १५ वर्षं झाली की गाडी रस्त्यावरून बाद. ते दिल्लीचं. तिथे डिझेल १० आणि पेट्रोल १५ वर्षांचा वाद न्यायालयात वर्षानुवर्षं चाललाय. महाराष्ट्रात खासगी गाडीला वयाची अशी बंदी नाही. तपासणीत पास झाली तर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. सरकारी गाड्यांचं मात्र एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांनंतर नूतनीकरण होत नाही.

खर्च बघा. कारच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० चं ५,००० झालं. पर्यावरण कर पेट्रोल कारला पाच वर्षांचा ३,००० (डिझेलला ३,५००). तपासणी आणि स्मार्ट कार्डचे किरकोळ पैसे वेगळे. म्हणजे मुख्य ८,०००, वर्षाला १,६००. २० वर्षं ओलांडली की मात्र ऑगस्ट २०२५ पासून हेच ५,००० चे १०,००० होतात. मोटारसायकलला १५ नंतर १,००० आणि २० नंतर २,०००.

नूतनीकरणाचा अर्ज, म्हणजे फॉर्म २५, मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून भरता येतो, तुमचा साधारण १२ एप्रिलपासून. मुदत उलटली तर महिन्याला ५०० दंड. पीयूसी आणि विमा चालू हवा, प्लेट हवी. मैदानात इन्स्पेक्टर हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेकलाइट, हॉर्न, वायपर, हँडब्रेक, टायर बघतात. एसी बंद असल्याने काही अडत नाही. गंज अडवू शकतो: रनिंग बोर्ड किंवा फ्लोअरला आरपार भोक असेल तर आधी पत्रा मारून घ्या आणि त्यावर अंडरकोट. नुसता रंग फासून नेलेली गाडी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचली की उघडी पडते.

हिशेबनीसांच्या आकड्यांत एक भर. री-पासिंग केलं की पुढे कधीही स्क्रॅप केली तरी ती १५ वर्षांच्या आतली अट हुकलेली असणार. म्हणजे री-पासिंगची खरी किंमत ८,००० अधिक हातचे गेलेले १३,२००. गाडी रोज लागत असेल तरच करा, आठवड्यातून एकदा मंडईत जाण्यासाठी नको.

कोथिंबीर

मध्येच विचारते. आमच्या गाडीला बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आहे. स्क्रॅपला देताना त्याचं काय?

नट-बोल्ट

आरसीवर इंधन "पेट्रोल/सीएनजी" लिहिलंय का ते बघा. किट आहे आणि आरसीवर नुसतं पेट्रोल असेल तर जुळत नाही म्हणून अर्ज अडकतो. नोंद असेल तर गाडी सिलिंडर रिकामा होईपर्यंत सीएनजीवर चालवून मग द्या. सेंटरमध्ये कापाकापीच्या आधी सिलिंडर, बॅटरी, इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, एसीचा गॅस हे सगळं काढतात आणि एअरबॅग असतील तर निकामी करतात. भरलेला सिलिंडर दिला तर काम थांबतं. सिलिंडर काढून घरी ठेवायचा विचार करू नका. दर तीन वर्षांची हायड्रोटेस्ट चुकलेला सिलिंडर म्हणजे घरात ठेवलेला बाँब.

फ्रँकफुर्टकर

सवलत नव्या गाडीच्या किमतीवर ठरते, हा हिशेबनीसांचा मुद्दा नेमका आहे. जर्मनीने २००९ मध्ये उलट केलं होतं. किमान ९ वर्षं जुनी गाडी, वर्षभर तरी तुमच्याच नावावर असलेली, मोडीत काढा आणि सरळ २,५०० युरो घ्या, नवी गाडी लहान असो की मोठी. साहजिकच लोकांनी लहान गाड्या घेतल्या. दीड अब्ज युरोंची तरतूद संपली, ती ५ अब्जांवर नेली, तीही सप्टेंबरच्या सुरुवातीला संपली. ब्रिटनने त्याच वर्षी २,००० पौंड दिले, निम्मे सरकारचे आणि निम्मे कंपनीचे.

गाडी परत रस्त्यावर येऊ नये म्हणून अमेरिकेने केलेली युक्ती मात्र बघण्यासारखी होती. इंजिनमधलं ऑइल काढून त्यात सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचं आणि इंजिन चालू ठेवायचं. पाणी उडून जातं, काचेसारखा थर बेअरिंगवर बसतो आणि काही मिनिटांत इंजिन कायमचं जाम. आपल्याकडे भर चॅसिस नंबरवर आहे: तो असलेला पत्र्याचा तुकडा कापून वेगळा ठेवतात.

जास्वंद

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी अजून. घरात आता इलेक्ट्रिक घ्यायची का अशी चर्चा चालू झालीय, १२ लाखांच्या आसपासची. आणि नवी गाडी माझ्या नावावर घ्यायची आहे, जुनी वडिलांच्या. चालेल का?

हिशेबनीस

इलेक्ट्रिक घेणार असाल तर १५ टक्क्यांचा प्रश्नच मिटला. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात इलेक्ट्रिक गाडीला मोटार वाहन कर आणि नोंदणी शुल्क दोन्ही माफ आहे. शून्याचे १५ टक्के शून्य. स्क्रॅप केल्याचा फायदा उरतो तो भंगाराचा भाव आणि कंपनीने दिलीच तर तिची सूट. तेव्हा ईव्हीसाठी बिनदिक्कत एक्स्चेंज, १० जूनची धावपळही नको. (१० लाखांच्या पुढची पेट्रोल घेतली असती तर १२ टक्के कर पडला असता, १२ लाखांवर १,४४,०००. तो सगळाच वाचतोय, हा खरा फायदा.)

नावाचं: सीओडी आरसीच्या मालकाच्या नावाने निघतं. ते इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दुसऱ्याला देता येतं, डिजीईएलव्ही पोर्टलवर त्याची खरेदी-विक्रीही होते. पण पेट्रोलच घेतलीत आणि सूट हवी असेल तर नवी गाडी वडिलांच्या नावावर किंवा आधी जुनी तुमच्या नावावर, असं एकच नाव ठेवलं तर आरटीओत कोणी भुवई उंचावत नाही. जुनी गाडी आता नावावर करून घ्यायची तर नावबदलाच्या फॉर्म २९ आणि ३० चं अजून एक चक्र वाढतं, आणि त्यालाही प्लेट हवी.

क्रम चुकवू नका. आता शोरूमच पोर्टलवरून कर भरतं. सीओडीचा नंबर कर भरण्याआधी टाकला तरच सूट वजा होते. एकदा पूर्ण ८८,००० भरले की ते १३,२०० परत मिळवायला आरटीओचे उंबरे झिजवावे लागतात. बुकिंग करतानाच सेल्समनला नव्हे, नोंदणीचं काम बघणाऱ्या माणसाला गाठून सांगा, आणि सीओडी हातात येईपर्यंत बिल काढू देऊ नका. सीओडीवर मुदत असते, ती वाचा.

गिअरबॉक्स

एक्स्चेंजला दिलीत तरी बेफिकीर राहू नका. फॉर्म २९-३० वर कोऱ्या सह्या घेऊन गाडी सहा महिने वडिलांच्याच नावावर ठेवायची, हा जुना खेळ आहे. एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरसाठी वेगळी सोय आहे: गाडी सोपवल्याची सूचना फॉर्म २९-सी ने पोर्टलवर टाकली की पुढची जबाबदारी डीलरची. घेणारा अधिकृत डीलर आहे का ते विचारा आणि त्या सूचनेची पावती घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका. बोजा आणि चलानं इथेही काढावी लागतातच, ते काम वाया जात नाही.

टपालपेटी

विम्याचं राहिलं. जुन्या गाडीवर पूर्ण पॉलिसी असेल तर नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्क्यांपर्यंत साचलेला असतो. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकल्यावर किंवा स्क्रॅप केल्यावर विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्यायचं, तीन वर्षं चालतं आणि नव्या कारच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यातून तेवढी वजावट मिळते. हप्ता २०,००० चा असेल तर १०,००० सुटले, म्हणजे करातल्या सुटीच्या जवळपास. शोरूममधूनच विमा काढणार असाल तर हे पत्र आधी दाखवा. अट अशी की बोनस वडिलांचा आहे, त्यामुळे नवी गाडी तुमच्या नावावर घेतली तर तो लागू होणार नाही. आणि फक्त थर्ड पार्टी काढत आला असाल तर बोनस नाहीच, कारण तो ओन डॅमेजवरच साचतो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले असतील तरीही गेला.

जास्वंद

पॉलिसी पूर्ण आहे, बोनस ५० टक्के. मग पेट्रोल ठरली तर वडिलांच्याच नावावर घेऊ. प्लेटचं बुकिंग आज केलं, तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. बँकेत उद्या.

नट-बोल्ट

तीन आठवडे म्हणजे बरी मिळाली. गाडी जाईल त्या दिवशी मीटरचं रीडिंग आणि चारही बाजूंचे फोटो तारखेसह काढा, डिकीतलं आणि सीटखालचं सामान काढून घ्या. फास्टॅग नुसता काचेवरून ओरबाडून भागत नाही, बँकेच्या अॅपमधून बंद करा. शिल्लक आणि अनामत वडिलांच्या खात्यात परत येईल.